मारियनबर्गचा बंद साखर कारखाना: सुरिनामला जाणार असाल तर

दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला जाणारे बहुतेक लोक राजधानी पारामारिबोची लाकडी घरं, जंगलातला एखादा मुक्काम आणि नदीतले डॉल्फिन पाहून परततात. माझा आग्रह आहे की एक अख्खा दिवस मारियनबर्गसाठी राखून ठेवा. सुरिनाम नदीपलीकडच्या कॉमवाईने जिल्ह्यात १८८२ मध्ये एका डच व्यापारी कंपनीने हा साखर कारखाना उभारला. देशातली पहिली रेल्वेसुद्धा इथलीच, उसाच्या वाहतुकीसाठी घातलेली, सुमारे १२ किलोमीटरची. १९८६ मध्ये कारखाना कायमचा बंद झाला.

माझं बालपण सांगली जिल्ह्यात, कारखान्याच्या कॉलनीत गेलं. त्यामुळे आत पाऊल टाकल्यावर काय कुठे असणार हे मला न सांगता कळत होतं. गव्हाण, म्हणजे ऊस आत नेणारा पट्टा, कुठून आत आली असेल, रस कुठल्या बाजूने पुढे गेला असेल, बॉयलर कुठे. छपराचे पत्रे जागोजागी उडालेत. चरकाच्या मोठ्या दातेरी चाकाला एका झाडाच्या मुळांनी असं आवळलंय की आता चाक काढायचं तर झाड तोडावं लागेल. दोन दातांच्या फटीत अजून काळं, घट्ट वंगण होतं. बोट लावलं तर ते बोटाला चिकटलं. गळीत संपल्यावर इथे कुणीतरी शेवटचं ग्रीस भरलं होतं, पुढच्या हंगामाच्या भरवशावर.

आम्ही गेलो तेव्हा तिकीटघर वगैरे काही नव्हतं. पूर्वी इथे काम केलेली मंडळी कारखाना फिरवून दाखवतात. आम्हाला भेटलेले काका पोरवयात कामाला लागले होते. आम्ही हिंदीत विचारायचो, ते सरनामीत सांगायचे. ती भोजपुरी-अवधीच्या घरातली बोली, त्यामुळे आठ आणे समजायची आणि उरलेली हातवाऱ्यांनी. वाटाड्या घेतल्याशिवाय आत जाऊच नका. गंजलेल्या जाळ्यांवर पाय पडला तर थेट खाली, आणि कुठली जाळी धरते, कुठली नाही, हे त्यांनाच ठाऊक. पैसे आधी विचारून घ्या आणि मोकळ्या हाताने द्या. या जागेतून त्यांच्या पदरात पडणारं तेवढंच.

आता मुख्य गोष्ट. भारतीय करारी मजुरांचं कलकत्त्याहून पहिलं जहाज, लल्ला रूख, १८७३ च्या जूनमध्ये सुरिनामला लागलं. १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार माणसं पाच-पाच वर्षांच्या करारावर आली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधली. १८९० मध्ये जावा बेटावरून ९४ मजुरांची पहिली तुकडी आली तीही मारियनबर्गसाठीच. १९०२ च्या जुलैमध्ये मजुरीवरून इथे असंतोष पेटला. व्यवस्थापक जेम्स मेव्हर मजुरांच्या हातून मारला गेला, आणि दुसऱ्या दिवशी, ३० जुलैला, सैनिकांनी मजुरांवर गोळ्या झाडल्या. १७ जण जागीच गेले, नंतर जखमींपैकी आणखी काही. सगळ्यांना एकाच खड्ड्यात पुरून वर चुना टाकला. त्यांच्यातल्या हिंदूंनाही अग्नी मिळाला नाही. त्यांच्या स्मरणार्थ २००६ मध्ये इथे स्मारक उभं राहिलं. आधी तिथे थांबा, मग यंत्रं पाहा. क्रम उलटा केलात तर कारखाना म्हणजे फोटोपुरता गंजका सांगाडा वाटतो.

या जागेचं पुढे काय व्हावं, हा विचार फिरताना सतत डोक्यात होता. कॅरिबियनमध्ये दाखले आहेत. सेंट किट्समध्ये साखर २००५ मध्ये बंद झाली, पण उसाच्या अरुंद रुळांवरून आज पर्यटकांची गाडी बेटाला फेरी मारते. क्रूझने येणारे लोक तिच्यासाठी रांगा लावतात. मारियनबर्गलाही हे जमेल. पारामारिबोच्या नदीकाठच्या मोठ्या बाजारात जे मिळतं त्यातलं काही कॉमवाईनेच्या मातीत पिकतं, मग गोदामाच्या दुरुस्त केलेल्या भागात आठवडी बाजार का भरू नये? जावानीज घरांतलं सावतो नावाचं कोंबडीचं सूप, हिंदुस्थानी घरांतला बारा नावाचा वडा, तळलेला कसावा, ताजा उसाचा रस. गाळे मात्र इथल्या जुन्या कामगारांच्या घरांनाच मिळायला हवेत, आणि प्रवेशद्वारापाशी १९०२ ची हकिगत सरनामी, जावानीज आणि डच अशा तिन्ही भाषांत लिहिलेली हवी. त्या आधी छप्पर. अटलांटिककडून येणारा खारा वारा आणि पाऊस यांच्यापुढे लोखंड फार काळ टिकत नाही.

जायचं कसं? गाडीने गेलात तर पारामारिबोहून वायडेनबोश पुलावरून मीरझोर्ग आणि पुढे पाऊण तासात पोहोचता. वाहतूक आपल्यासारखी डाव्या बाजूने आहे. आम्ही सायकली भाड्याने घेतल्या, त्या होडीत घालून नदी ओलांडली आणि पलीकडे सपाट रस्त्याने निघालो. हाच मार्ग मी सुचवेन, पुलाचा चढ आणि ट्रकची गर्दी दोन्ही टळतात. सकाळी लवकर निघा, अकरानंतर ऊन भाजतं. फेब्रुवारी ते एप्रिल किंवा ऑगस्ट ते नोव्हेंबर हे कोरडे महिने. जाड तळव्याचे बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, डासांचं मलम आणि भरपूर पाणी घ्या. सुरिनामी डॉलरच्या सुट्या नोटा जवळ असू द्या, गावात कार्ड चालेल या भरवशावर राहू नका.

परतताना न्यू ॲम्स्टरडॅमचा किल्ला वाटेत घ्या. सुरिनाम आणि कॉमवाईने नद्यांच्या संगमावर १८ व्या शतकात बांधलेला हा किल्ला आता खुलं संग्रहालय आहे. वेळ कमी असेल तर पेपरपॉट हे जुन्या मळ्यातलं निसर्ग उद्यान सोडा, किल्ला सोडू नका. मारियनबर्ग नावाची रम शहरातल्या दुकानांत मिळते. तिच्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असतो, तेव्हा बाटली विमानात नेण्याचा बेत करू नका. ७० टक्क्यांच्या वरची दारू सामानात नेता येत नाही.

भारतातून जाणाऱ्यांनी एक काम निघण्याआधीच उरकावं. सुरिनाम पीतज्वराच्या देशांच्या यादीत आहे. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रावर घ्या आणि पिवळं प्रमाणपत्र पासपोर्टसोबत ठेवा. ते नसेल तर मुंबईत उतरल्यावर विलगीकरणात ठेवतात. ॲम्स्टरडॅममार्गे जाणार असाल तर युरोपातल्या थांब्याच्या व्हिसाचे आणि सुरिनामच्या प्रवेशशुल्काचे नियम तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्या.