सालीच्या आतलं

मी पोटापाण्यासाठी साली ओळखते. आयुर्वेदिक औषधांच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. पोत्यांतून माल येतो, चलनावर ‘अशोकसाल’, ‘अर्जुनसाल’ असं लिहिलेलं असतं. ते खरं की खोटं हे मी सांगितल्यावर पोतं आत जातं, नाहीतर परत. सासरच्या मंडळींना हे नेमकं काय काम ते अजून नीट उमगलेलं नाही. आपल्या शाळेच्या महोत्सवानिमित्त हे लिहिते आहे; शाळेतल्यांना ते उमगेल, कारण त्याची सुरुवात आपल्याच प्रयोगशाळेत झाली.

नववीला सायन्सच्या बाईंकडे एकच धड चालणारा मायक्रोस्कोप होता. कांद्याचा पापुद्रा बघायला रांग लागायची आणि मग प्रत्येक जण पुस्तकातल्या विटांसारख्या पेशी वहीत काढून मोकळा व्हायचा. बाई अशी आकृती सरळ खोडायच्या. ‘‘हे पुस्तकाने पाहिलंय. तू काय पाहिलंस ते काढ.’’ एका मुलाने जाड काळ्या कडेचं गोल वर्तुळ काढलं, तर त्याला मात्र शाबासकी! शेजारी बाईंनी लाल पेनने लिहिलं : हवेचा बुडबुडा.

त्याच वर्षी पेशीसिद्धान्तात, म्हणजे सगळे सजीव पेशींचे बनलेले असतात या सिद्धान्तात, तो मांडणारे श्लायडेन आणि श्वान पाठ केले होते. हाच श्लायडेन 1847 साली सार्सापरिला या औषधी वेलीच्या मुळांचे काप मायक्रोस्कोपखाली ठेवून त्यांचे प्रकार वेगळे करत होता, हे पुढे बी.फार्म.ला कळलं. परीक्षेपुरता माहीत असलेला माणूस एकदम आमच्या धंद्यातला निघाला.

वाळलेल्या सालीला ना पान, ना फूल; वासही बहुधा उडालेला. तुकडा भिजवून मऊ करायचा, कच्च्या बटाट्याच्या फोडीत धरायचा आणि ब्लेडने जमेल तितका पातळ काप घ्यायचा. क्लोरल हायड्रेट या रसायनाच्या द्रावणात तापवला की काप पारदर्शक होतो. फ्लोरोग्लुसिनॉल आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडला की लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, असलेले तंतू आणि दगडी पेशी (जाड भिंतींच्या टणक पेशी) लालगुलाबी होतात. इतकी वर्षं झाली, तरी तो रंग चढताना बघायला मला आवडतं.

स्वयंपाकघरातलंच उदाहरण घ्या. आपल्याकडे दालचिनी म्हणून सर्रास मिळते ती जाड, एकाच वळीची साल बहुतेक वेळा कॅशिया, म्हणजे दालचिनीच्या जवळच्या दुसऱ्या झाडाची साल असते. श्रीलंकेची खरी दालचिनी कागदासारखी पातळ, एकात एक गुंडाळलेली. अख्खी असेल तर डोळ्यांना कळतं. पूड केली की संपलं. तिथे मोजपट्टी लागते. खऱ्या दालचिनीचे तंतू 30 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक आणि स्टार्चचे कण बहुधा 10 मायक्रॉनच्या आत. कॅशियात दोन्ही मोठे. घोड्याच्या नालेसारख्या, एकाच बाजूला भिंत कमी जाड असलेल्या दगडी पेशी दोन्हींत सापडतात, म्हणून नुसत्या त्यांच्यावर निकाल देता येत नाही. स्टार्च बघायचा तर काप पाण्यात ठेवायचा, क्लोरल हायड्रेटमध्ये तो विरघळून जातो.

खरी डोकेदुखी अशोकाची. औषधात लागतो तो सीतेचा अशोक, शेंदरी फुलांचा. त्याची झाडं कमी झाली आहेत, मागणी मोठी आहे. मग त्याच्या नावाखाली शोभेच्या उंच, सरळसोट अशोकाची साल येते. तो अशोक तर सीताफळाच्या कुळातला! शाळेच्या कुंपणालगत आहेत ती झाडं हीच. त्याच्या सालीच्या आडव्या कापात तंतूंचे कडक पट्टे आणि मऊ पट्टे एकाआड एक दिसतात, आणि मधले किरण, म्हणजे आतून बाहेर जाणाऱ्या पेशींच्या ओळी, बाहेरच्या बाजूला फाकत जातात. सीतेच्या अशोकात असे पट्टे नाहीत. तिथे दगडी पेशींचे थर आणि पुंजके, आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे कोनदार स्फटिक. अर्जुनसालीत हेच ऑक्झलेट टपोऱ्या गुच्छांत असतं. 

आमच्याकडे शिकाऊ म्हणून येणाऱ्या मुलांना फार्माकोपियातलं, म्हणजे औषधांच्या प्रमाणग्रंथातलं वर्णन तोंडपाठ असतं, आणि म्हणूनच चलनावर जे लिहिलंय ते सगळं त्यांना कापात दिसायला लागतं, अगदी नसलेले स्फटिकसुद्धा. मी चलन काढून घेते आणि पेन्सिल देते.

महोत्सवानिमित्त शाळेच्या प्रयोगशाळेला कायमस्वरूपी स्लाइड्सचा एक संच देते आहे. त्यात खरी दालचिनी, कॅशिया, अर्जुन आणि दोन्ही अशोक आहेत. स्लाइड्सवर नावं नाहीत, फक्त आकडे आहेत. उत्तरांचं पाकीट मुख्याध्यापकांकडे ठेवलंय. आकृती काढून झाल्याशिवाय ते कुणाला दाखवू नये, ही विनंती.