साल विचारण्याआधी सिंहस्थ विचारावा

जुन्या नाशकातील वयोवृद्ध माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम मी गेली काही वर्षे करते आहे. आता महाविद्यालयांतील काही विद्यार्थी आणि आपल्याच घरातील आजी-आजोबांना बोलते करू पाहणारे काही जण मला विचारतात की मौखिक इतिहासाची मुलाखत घ्यायची कशी. माझे उत्तर रेकॉर्डरपासून सुरू होत नाही. माणसाच्या मनात आठवणी सालवारीने लावून ठेवलेल्या नसतात. त्या घराला, कामाला, लग्नकार्याला, पुराला धरून असतात. मुलाखतीची सगळी आखणी या एका गोष्टीवरून करावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

म्हणून कोणाकडेही जाण्याआधी मी एक कागद तयार करते. डाव्या बाजूला त्या व्यक्तीचे अंदाजे जन्मसाल आणि वय, उजव्या बाजूला गावाला ठाऊक असलेले प्रसंग: १९५६, १९६८, १९८०, १९९१, २००३ आणि २०१५ हे सिंहस्थ, १९६९ चा गोदावरीचा महापूर, १९७२ चा दुष्काळ, १९७५ ची आणीबाणी, २००८ चा पूर. एखाद्या आजींना ‘तुमचे लग्न कोणत्या साली झाले?’ असे विचारले की त्या गोंधळतात, मग मुलाकडे पाहतात, आणि पुढचा अर्धा तास मुलगाच बोलत राहतो. तेच ‘लग्न सिंहस्थाच्या आधीचे की नंतरचे?’ असे विचारले, तर उत्तर ताबडतोब येते. सिंहस्थात लग्नकार्ये टाळण्याची रीत आपल्याकडे पुष्कळ घरांत पाळली गेली आहे. त्यामुळे कोणाचे लग्न सिंहस्थ लागण्याआधी घाईने उरकले आणि कोणाचे वर्षभर थांबले, हे बायकांच्या पक्के लक्षात असते. एकदा तेवढा खुंटा रोवला की पहिले बाळंतपण, दिरांचे वेगळे होणे, नवऱ्याची नाशिकरोडच्या प्रेसमधील नोकरी, हे सारे त्याच्या मागे-पुढे आपोआप लागत जाते.

प्रश्नांची यादी मी करते, पण ती पिशवीतच राहते. समोर कागद धरून एकामागून एक प्रश्न विचारले, तर सांगणारा परीक्षेला बसल्यासारखा नेमकी आणि तुटक उत्तरे देऊ लागतो. यादीचा खरा उपयोग आदल्या रात्री होतो. आपल्याला काय कळून घ्यायचे आहे आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर संपेल, हे ती लिहिताना उमगते. ‘पुरात तुमचे फार नुकसान झाले का?’ हा असाच बंद प्रश्न आहे. ‘१९६९ च्या पुराबद्दल सांगा’ हा प्रश्न दिसायला मोकळा असला, तरी त्यावर बहुधा पुढे वर्तमानपत्रांत वाचलेली आणि चारचौघांत सांगून गुळगुळीत झालेली हकिकतच मिळते. पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले, छातीला लागले की डोक्यावरून गेले, याच मापाने घाटावरचा माणूस पूर मोजतो, आणि घरातील पुरुष मंडळी तिथूनच सुरुवात करतात. ते मापही नोंदवावेच. पण सराफ बाजाराजवळच्या एका वाड्यात मी आजींना विचारले, ‘पाणी ओटीवर आले तेव्हा तुम्ही आधी काय उचललेत?’ त्या म्हणाल्या, ‘लोणच्याच्या बरण्या. धान्य भिजले तर माडीवर पसरून वाळवता येते. लोणच्याला पाणी लागले की वर्षाचे लोणचे गेले.’ त्यानंतर त्यांनी माडीवर चूल कशी मांडली, पिण्याचे पाणी कशात भरून ठेवले, पाणी ओसरल्यावर माजघरातला गाळ कोणी आणि कशाने काढला, हे सलग सांगितले. मला मध्ये बोलावेच लागले नाही. पूर घरात शिरतो तेव्हा घर कोण वाचवते, याची नोंद सरकारी कागदांत होत नाही. ती अशाच प्रश्नातून मिळते. याच कारणासाठी घरातील बायकांशी स्वतंत्रपणे, शक्य असल्यास दुपारची जेवणे आटोपल्यावर बोलावे, असे मी आग्रहाने सांगते.

कारागिराच्या बाबतीत हातात वस्तू असणे फार मोलाचे ठरते. जुन्या तांबट आळीतील एका बाबांशी पहिला काही वेळ नुसते बोलणे चालले होते, आणि ‘काम चांगले चालायचे’ यापलीकडे काही निघत नव्हते. मग त्यांच्याच घरातला जुना तांब्याचा बंब समोर ठेवला. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, मठारलेल्या, म्हणजे हातोडीने ठोकलेल्या, ठोक्यांच्या ओळी दाखवल्या, ‘ही ओळ माझ्या हातची, ही धाकट्याची, त्याचा हात जड पडायचा’ असे म्हणाले, आणि तिथून मजुरी, भट्टी, भांडी बाजारातले व्यापारी, स्टेनलेस स्टील आल्यावर कमी होत गेलेली मागणी, असा सगळा धंदा उलगडला. अशा वेळी रेकॉर्डरला ‘ही ओळ’ म्हणजे कोणती हे दिसत नाही, हे लक्षात ठेवून ‘बाबा, बुडाकडची ओळ ना?’ असे हळूच विचारून घ्यावे आणि नंतर वस्तूचे छायाचित्र काढावे.

शांततेची भीती बाळगू नये. सांगणारा थांबला की आपल्याला अवघडल्यासारखे होते आणि आपण पुढचा प्रश्न टाकतो, पण पुष्कळदा महत्त्वाचे वाक्य त्या थांबण्यानंतरच येणार असते. भाषेचेही तसेच आहे. सटाणा-मालेगावकडून नाशकात आलेल्या माणसाला आपण पुस्तकी मराठीत विचारले, तर तो पुस्तकी मराठीतच उत्तर देतो, आणि त्याची अहिराणी घराच्या आतच राहते. शक्य तिथे ती भाषा बोलणारा सोबती बरोबर न्यावा.

यंत्राविषयी थोडक्यात सांगते. ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणाऱ्या) स्वरूपात करावे, ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटवर. एका तासाच्या मोनो मुद्रणाला अंदाजे अर्धा जीबी जागा लागते, ती आता कोणालाही जड नाही. फोन विमान मोडवर ठेवावा, पंखा बंद करता येतो का ते विचारावे, आणि सुरुवातीलाच तारीख, ठिकाण, दोघांची नावे स्पष्ट उच्चारावीत. दीड-दोन तासांपेक्षा जास्त वेळ वृद्ध माणसाला बसवू नये, पुन्हा जावे.

संमती मात्र थोडक्यात उरकण्याची गोष्ट नाही. हे बोलणे कोठे ठेवले जाईल, कोण ऐकेल, नाव द्यायचे की नाही, एखादा भाग काही वर्षे बंद ठेवायचा का, हे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून वाचून दाखवावे आणि मुलाखत संपल्यावर पुन्हा विचारावे, कारण आपण काय काय बोलून गेलो हे माणसाला बोलून झाल्यावरच कळते. भाऊबंदकी, जात, घरातले वाद यांविषयी निघालेल्या गोष्टींत हयात असलेली इतर माणसेही असतात. त्यांच्या अब्रूची काळजी आपणच घ्यायची असते.

आठवण चुकीची निघाली तर काय करायचे, हा प्रश्न सगळेच विचारतात. इटलीतील तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावी लुइजी ट्रास्टुल्ली नावाचा कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांकडून मारला गेला, पण पुष्कळ कामगारांनी तो १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात मारला गेल्याचे सांगितले. संशोधक अलेसांद्रो पोर्तेल्ली यांनी त्या चुकीला खोडण्याऐवजी तिचा अर्थ शोधला: आपल्या माणसाचे मरण कामगारांनी आपल्या सर्वांत मोठ्या लढ्याशी जोडले होते. आपल्याकडे १९६९ आणि २००८ चे पूर आठवणीत एकमेकांत मिसळतात, तेव्हा मी सांगणाऱ्याला दुरुस्त करत नाही. टिपणात मात्र खरे साल नोंदवते.

काळाराम मंदिर सत्याग्रहाविषयी बोलताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला आणि १९३५ पर्यंत चाललेला तो लढा प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता जवळजवळ उरलेली नाहीत. त्यांच्या मुला-नातवंडांनी ऐकलेले आपण नोंदवतो. ते तितकेच मोलाचे आहे, पण ‘हे तुम्ही पाहिलेत की वडिलांकडून ऐकलेत, आणि ते कोणत्या प्रसंगी सांगत?’ हे विचारून मुद्रणातच आणावे. वडील ही गोष्ट दर वर्षी सांगत, की एकदाच सांगून गप्प झाले, यातूनही त्या घराचा इतिहास कळतो.

एका तासाचे बोलणे कागदावर उतरवायला सहज पाच-सहा तास लागतात, तेव्हा मुलाखती ठरवतानाच हा वेळ धरावा. बोली जशीच्या तशी लिहावी. उतरवलेले सांगणाऱ्याला वाचून दाखवावे आणि त्यांनी सुचवलेला बदल मूळ वाक्य न पुसता शेजारी लिहावा. एक प्रत घरच्यांना द्यावी, उरलेल्या किमान दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. पुढचा सिंहस्थ २०२७ मध्ये येतो आहे, आणि १९५६ च्या सिंहस्थात दहा वर्षांचे असलेले मूल तेव्हा ऐंशी ओलांडलेले असेल. रामकुंडाच्या आसपास अशी माणसे कोणाच्या ओळखीची असतील, तर या पावसाळ्याच्या आत त्यांच्याकडे एकदा नुसते बोलायला जाऊन यावे. रेकॉर्डर दुसऱ्या भेटीला न्यावा.