तुम्ही विचारलंत म्हणून: मुलं एकटी पडत नाहीत का?

बाई, गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर चहा घेताना तुम्ही मला विचारलंत, "मुलांना शाळेत घातलं नाहीस, ती एकटी नाही का गं पडत?" मी घाईघाईत "नाही पडत, बाई" म्हणाले आणि धाकट्याला शोधायला गेले. हा प्रश्न मला इमारतीच्या लिफ्टमध्ये विचारतात, लोकलमध्ये विचारतात, नणंदेच्या घरी तर जेवणाच्या पानावर विचारतात. पण तुम्ही एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत मुलं शिकवलीत. तुम्हाला अर्धं उत्तर देऊन चालणार नाही.

खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं ती एकटी पडली होती.

थोरली सीनियर केजीत होती तेव्हापासून सांगते. बोरिवलीला आमच्या फाटकाशी गुलमोहर आहे, त्याची एक फांदी वाळलेली होती. फेब्रुवारीत तांबट पक्ष्यांची जोडी त्या फांदीला खालच्या बाजूनं भोक पाडत असायची. बस सात दहाची. लेक रोज मान वर करून थांबायची आणि मी रोज तिचा हात ओढून तिला पुढे न्यायचे. एका सकाळी बसच्या पायरीवर ती म्हणाली, "आई, ते आत काय करतात ते मला कधीच बघायला मिळणार नाही."

त्याच रात्री घरच्या प्रार्थनेत मत्तयाचा सहावा अध्याय आला. काळजी करू नका, हे त्यातलं आपल्याला पाठ असतं. पण त्यासाठी येशू काय करायला सांगतो, तर आकाशातल्या पाखरांकडे निरखून पाहा, रानातली फुलं कशी वाढतात ते ध्यानात घ्या. 'निरखून' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते, त्या रात्री तो मला आज्ञेसारखा लागला. आणि मी रोज सकाळी ती आज्ञा पाळणाऱ्या मुलीचा हात ओढत होते. जूनमध्ये आम्ही तिला शाळेत पाठवलं नाही.

सासूबाईंना हे फार लागलं. त्यांच्या आईला नगरच्या मिशनच्या शाळेत अक्षरओळख झाली, त्या स्वतः शिक्षिका झाल्या. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८२४ साली त्यांनी इथे मुलींची शाळा काढली, हा इतिहास आमच्या घरात देवघरातल्या गोष्टीसारखा सांगितला जातो. "आपल्या लोकांनी शाळांसाठी आयुष्यं वेचली आणि तू पोरीला घरी बसवतेस?" असं त्या म्हणाल्या. मी तेव्हा वाद घातला. आज घालणार नाही. शाळेनं आमच्या घरातल्या बायकांना वाचा दिली, तिच्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. एवढंच म्हणेन की लक्ष्मीबाई टिळकांना शाळा लाभली नव्हती, त्या घरीच लिहावाचायला शिकल्या. आणि ज्यांना महाराष्ट्र फुलामुलांचे कवी म्हणतो त्या रेव्हरंड टिळकांची भजनं आपण दर रविवारी म्हणतो. फुलं आणि मुलं एका दमात म्हणणारी माणसं आपल्याच ख्रिस्ती मंडळीत होऊन गेली, ही माझी कल्पना नव्हे.

पण आधी माझी चूक. मी शार्लट मेसन यांच्या पद्धतीवर भरवसा ठेवला होता. या इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ बाई, १८४२ ते १९२३ हा त्यांचा काळ. त्यांचं सांगणं मला आजही पटतं: मूल ही कोरी पाटी नव्हे, देवानं घडवलेली पूर्ण व्यक्ती आहे. लहानांचे पाठ छोटे असावेत, वाचलेलं मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगावं, रोज बाहेर जावं आणि पाहिलेलं वहीत काढावं. मी मात्र ती पद्धत परदेशी अभ्यासक्रमासकट उचलली. मेसनबाई म्हणतात, एप्रिल ते ऑक्टोबर मुलांना दिवसाचे चार ते सहा तास उघड्यावर असू द्या. मुंबईत त्या महिन्यांत आधी ऊन भाजतं, मग पाऊस झोडपतो. आमच्याकडचे बाहेर पडायचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तेव्हा मी टेबलाशी बसून धडे पुरे करून घेत होते. लेकीच्या निसर्गवहीत ब्लूबेलची फुलं आणि रॉबिन पक्षी होते, तिनं आयुष्यात न पाहिलेले. पाहिलेलंच काढायचं, हा त्या वहीचा एकुलता एक नियम, तोच मी मोडला होता. दार लावून आम्ही दोघी शिकत होतो. संध्याकाळी बागेत मुलं आपापल्या वर्गाबद्दल बोलायची आणि ही झोपाळ्याची साखळी धरून ऐकत राहायची. दुसऱ्या वर्षी लॉकडाउन आला, तेव्हा सगळ्यांचीच मुलं घरात होती. पहिल्या वर्षाला मात्र तसं कारण नव्हतं.

दार उघडलं ते शेवळांनी.

पावसाच्या सुरुवातीला बोरिवली स्टेशनाबाहेर आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात, तुम्ही पाहिल्या असतील. एका जूनमध्ये मी शेवळांची जुडी आणली, कापली, परतली आणि चौघांच्याही घशाला खाज सुटली. दुसऱ्या दिवशी लेक त्या मावशींपुढे जाऊन उभी राहिली. त्यांनी तिला काकडाची फळं दाखवली: आंबट, हिरवी, गोटीएवढी. शेवळं करायची तर काकडं घालायचीच, नाहीतर खाजणारच. सासूबाई नगरच्या, त्यांना टाकळा ठाऊक, शेवळं ठाऊक नव्हती. त्या आठवड्यात नात आजीला शिकवत होती. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात हे आम्ही नंतर वाचलं, पण तिच्या वहीत पहिली ओळ आहे, 'मावशी म्हणाल्या'. पुढे करटुली आली, भारंगी आली, कुर्डू आला. दर आठवड्याला ती पिशवी घेऊन निघायची. घरातून शिकायचं म्हणजे घरातच शिकायचं नव्हे, हे माझ्या आधी तिला कळलं.

आता आम्ही पाच कुटुंबं आहोत. दोन आपल्या मंडळीतली, एक वसईचं कॅथलिक, दोन हिंदू. बुधवारी सगळी मुलं मिळून बाहेर. सकाळी एक स्तोत्र, बहुतेकदा एकशेचारावं, कारण त्यात समुद्र आहे आणि त्यातले अगणित लहानमोठे जीव आहेत. ज्यांना प्रार्थनेत यायचं नसतं ते अर्ध्या तासानं येतात, त्यावरून कधी कुणाचं मन दुखावलेलं नाही.

गोराईच्या खाडीवर तिवरांच्या चिखलात निवट्या हे मासे परांवर सरपटत जातात. तिवराचं पान चाटलं की खारट लागतं, कारण झाड नको असलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं. मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर येऊन श्वास घेतात. हे सगळं पुस्तकात मिळेल. भरतीचा हिशेब मात्र आम्हाला एका कोळी आजोबांनी दिला. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळीही. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी, म्हणजे कमी चढउताराची भरती. धाकटा अपूर्णांकांना घाबरायचा. त्या दिवसापासून पाऊणपट त्याची हक्काची झाली. थोरलीनं महिनाभर आजोबांचं गणित छापील वेळापत्रकाशी ताडून पाहिलं. कधी वीस मिनिटांचा फरक, कधी त्याहून जास्त. का? चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, आजोबा पंचेचाळीस धरतात, आणि चंद्राची चालही रोज सारखी नसते. हे तिनं आजोबांना भीतभीत सांगितलं. ते म्हणाले, "मग होडी थोडी आधी काढायची." दोघंही बरोबर होते, आणि हा माझ्या मते तिच्या शिक्षणातला सर्वांत चांगला तास.

कारवीचंही सांगायला हवं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवी, हे एक झुडूप, आठ वर्षांनी एकदम फुलते. २०१६ मध्ये फुलली तेव्हा धाकटा पोटात होता. २०२४ मध्ये तो आठ वर्षांचा होऊन तिच्या जांभळ्या फुलांत उभा होता. पाड्यावरच्या एका आजींनी कारवीच्या काठ्यांचा कूड, म्हणजे भिंत, शेण लिंपून कसा उभा करतात ते दाखवलं. याच सह्याद्रीतल्या वनस्पतींवर सेंट झेवियर्स कॉलेजातल्या फादर सांतापाव या स्पॅनिश जेझुइटांनी आयुष्य घालवलं, कारवीच्या कुळाच्या एकगठ्ठा फुलण्यावर लिहिलं, आणि पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. पान मोजणं हीही सेवा असू शकते, हे मुलांना मी समजावण्यापेक्षा त्यांच्याबद्दल ऐकून जास्त कळलं.

परीक्षेचं थोडक्यात सांगते, कारण त्याची काळजी तुम्हाला असणारच. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, आणि मुलाला शाळेत घालणं हे तो पालकाचं कर्तव्य मानतो. होमस्कूलिंगला त्यात वेगळी जागा नाही, त्यामुळे मनात धाकधूक असते, ती मी लपवणार नाही. चौदा पूर्ण झाली की थोरली एनआयओएस या सरकारी मुक्त विद्यालयातून पाच विषय घेऊन दहावी देईल. राज्य मंडळाच्या दहावीला बाहेरून बसायच्या सतरा नंबरच्या फॉर्मबद्दल सासरच्या प्रत्येकानं विचारून झालं आहे.

राहिला तुमचा प्रश्न. एकटी पडतात का? पंचवीस जणांच्या वर्गातली मैत्री त्यांना नाही. आंतरशालेय स्पर्धेला ती पाठवता येत नाहीत, आणि थोरलीला त्याचं वाईट वाटतं, हे तिनं मला स्वतः सांगितलं आहे. त्याबदल्यात बारा वर्षांच्या मुलीला साठीतल्या भाजीवाल्या मावशी नावानं ओळखतात, मुलगी आजारी असली की खाडीवरून निरोप येतो, आणि मंडळीतल्या आजारी माणसांना बुधवारचा डबा घेऊन जाणारी हीच मुलं असतात. हे दोन्ही एकमेकांची भरपाई करतात असं मी म्हणत नाही.

आम्हाला मात्र एका माणसाची कमतरता आहे. आमच्यापैकी कुणालाच गवतं ओळखता येत नाहीत. पायऱ्यांवर तुम्हीच मला सांगितलंत की लहानपणी सुट्टीत गावी गुरांमागे जाताना तुम्हाला प्रत्येक गवताचं नाव पाठ होतं. येत्या द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे सकाळी साडेसातला ओहोटी. आधी खाडी, मग परतताना जेट्टीच्या रस्त्याकडेचं गवत. सातला तुमच्या दाराशी रिक्षा घेऊन येते. थोरलीनं तुमच्यासाठी वहीचं एक पान कोरं ठेवलं आहे.