मैत्रिणीचं विचारायचंय

गेल्या आठवड्यात भाची आलेली सुट्टीला. एकोणिसावं नुकतंच लागलंय, कराडला होस्टेलवर असते. रात्री मी भांडी घासत होते तर मागे येऊन उभी राहिली, मावशी एक विचारू का, माझं नाही हं, मैत्रिणीचं विचारायचंय. मी नळ मुद्दाम बंद केला नाही, बाहेर सासूबाई मालिका बघत होत्या आणि नळाच्या आवाजात असली बोलणी बरी होतात.

मोबाईल काढला तिनं. पिरियड ट्रॅकरचा स्क्रीनशॉट, मैत्रिणीचाच अर्थात. पाळीचे दिवस लाल, मधले काही निळे, बाकी पांढरे. प्रश्न असा की पांढऱ्या दिवशी काही झालं तर टेन्शन नाही ना?

आता मी काही डॉक्टर नाही, बँकेत आहे, पण हिशेब कळतो. फ्रिजवर दूधवाल्याचं कार्ड होतं, त्याच्या मागेच मांडलं. मैत्रिणीनं तीनच महिने भरलेले, २६, ४१ आणि ३३ दिवस. असली अ‍ॅप्स साधारण काय करतात, सरासरी काढतात, आली ३३, त्यातून १४ वजा, म्हणजे १९व्या दिवशी बीज बाहेर पडणार असं धरायचं आणि त्याच्या आधीचे पाचेक दिवस धरून तेवढे निळे रंगवायचे. पण २६ दिवसांच्या महिन्यात हेच गणित १२व्या दिवसावर येतं, आणि शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, म्हणजे ७व्या दिवसापासूनच दिवस जायची शक्यता, आणि स्क्रीनवर तो ७वा दिवस पांढराशुभ्र! या वयात पाळी मागेपुढे होतेच, त्यामुळे पुढची तारीख हाच मुळात अंदाज, आणि त्या अंदाजावरून काढलेला दुसरा अंदाज म्हणजे पांढरा रंग. भाची कार्डाकडे बघतच राहिली. म्हणाली, पण तिथे तर सेफ लिहिलंय.

हेच ते. अ‍ॅप वाईट नाही, पाळी कधी आली, किती दुखलं हे लिहून ठेवायला छानच आहे, मी स्वतः वापरते. पण निरोधचं काम ते करत नाही, आणि आजारांचं तर विचारूच नका.

मग आय-पिलचा, म्हणजे दिवस जाऊ नयेत म्हणून संबंधानंतर घ्यायच्या गोळीचा विषय निघाला, तोही मैत्रिणीचाच. म्हटलं संबंधानंतर ७२ तासांच्या आत, आणि ७२ तास आहेत म्हणून थांबायचं नाही, जितकी लवकर तितकी उपयोगाची. मेडिकलमधे चिठ्ठीशिवाय मिळते. पुढची पाळी लवकर किंवा उशिरा येऊ शकते, त्यात घाबरायचं नाही, पण आठवडाभर उशीर झाला तर किट आणून टेस्ट करायची. दर वेळचा उपाय म्हणून ती गोळी नाही. (मेडिकलवाला ओळखीचा असतो ही खरी अडचण, त्यावर अ‍ॅप नाही निघालेलं अजून.)

आम्हाला कोण होतं विचारायला? नववी-दहावीत तो धडा बाईंनी घरी वाचा म्हणून सोडलेला. २००७ मधे तर आपल्या राज्यात शाळेतल्या लैंगिक शिक्षणावर बंदीच आली. आणि याच महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२१ मधे मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, लोक पत्रानं शंका विचारायचे आणि ते छापून उत्तर द्यायचे, त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढले. शंभर वर्षांनी पोरी तेच रात्री पांघरुणात मोबाईलला विचारतायत.

सरकारनंही २०१७ मधे 'साथिया सलाह' नावाचं अ‍ॅप काढलं, खास या वयातल्या पोरांसाठी. सरकारी दवाखान्यात या वयातल्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं तेही सांगितलं, भाचीनं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. आणखी एक तिला माहीत नव्हतं, अठराच्या आतल्या मुलीला दिवस गेले तर डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं म्हणून पोरी दवाखान्यातच जात नाहीत आणि भलतंसलतं करून बसतात, पण सुप्रीम कोर्टानं २०२२ मधे सांगितलंय की संमतीचे संबंध असतील आणि मुलगी व पालकांनी विनंती केली तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांनी तिचं नाव पोलिसांना द्यायची गरज नाही. मैत्रिणीच्या अ‍ॅपमधे हे कुठेच नव्हतं. तिथे राशिभविष्य मात्र होतं.

शेवटी नोटिफिकेशन बंद करायला लावलं. त्या मैत्रिणीचा फोन घरी गेली की भाऊ गेम खेळायला घेतो म्हणे, आणि पाळी पाच दिवस लेट असं वर झळकलं की संपलंच.

भाचीनं कार्डाचा फोटो काढला, मैत्रिणीला पाठवते म्हणाली. मी ते परत फ्रिजवर लावलं आणि विसरले. सकाळी दूधवाला कार्ड उलटंपालटं करत दारात उभा, वहिनी, २६, ४१, ३३, एवढं दूध कधी दिलं मी तुम्हाला?