लिफ्ट केली तरी गाडी टेकलीच, मग टायर बदलले

मागच्या श्रावणात हरसूलच्या पुढे मामांच्या शेताकडे जाताना माझी महिंद्राची थार जिथे टेकली ती जागा मला डोळे मिटूनही सापडेल. भाताच्या खाचरांच्या कडेने ट्रॅक्टर जाऊन जाऊन दोन खोल चाकोऱ्या पडल्यात आणि मधे मातीचा वरंबा, त्यावर गुडघाभर गवत. चारच महिने आधी गाडीला दोन इंचाची लिफ्ट बसवली होती, म्हणजे गाडी उंच करायला स्पेसर, नवे शॉकअप सगळं, त्यामुळे मी निवांत होतो की आता काही अडत नाही. आणि बरोबर अर्ध्यात गाडी थांबली. चाकं चिखल उडवतायत, गाडी जागची हलत नाही. खाली वाकून बघितलं तर बॉडी मस्त वर आहे पण मागच्या एक्सलचा मधला गोळा, म्हणजे डिफरन्शियल, त्या वरंब्यात नांगराच्या फाळासारखा घुसलाय. मामांनी ट्रॅक्टर आणला, दोर लावला आणि म्हणाले, "अरे, घर उंच बांधलंस पण उंबरा तिथंच ठेवलास की."

अगदी तेच झालं होतं. थारला पुढे दोन्ही चाकं स्वतंत्र खालीवर होतात पण मागे अख्खा एक्सल आहे, या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच. लिफ्ट बसवली की स्प्रिंगच्या वरचं सगळं उचललं जातं, चेसिस, बॉडी, बंपर. एक्सल मात्र चाकांच्या मध्यालाच बांधलेला, तो जमिनीपासून किती वर राहणार हे फक्त चाक किती मोठं आहे त्यावर ठरतं. लिफ्टचा खरा उपयोग मोठं चाक आत मावावं म्हणून. आपल्याकडे बरेच जण माझ्यासारखंच अर्धं काम करून थांबतात आणि गोळा जिथल्या तिथे राहतो.

मग मी वही घेऊन बसलो. माझ्या गाडीचे मूळ टायर २५५/६५ आर १८. २५५ मिमी रुंदी, तिच्या ६५ टक्के बाजूची उंची म्हणजे साधारण १६६ मिमी, ती दोनदा धरायची आणि १८ इंचाची रिम म्हणजे ४५७ मिमी मिळवायची, आलं ७८९ मिमी, ३१ इंच. २६५/७० आर १८ घेतला तर तोच हिशोब ८२८ मिमीवर जातो, साडेबत्तीस इंचाच्या वर. फरक ३९ मिमी पण एक्सलला मिळणार त्यातलं निम्मंच, म्हणजे वीस मिमीला जरा कमी. ऐकायला काहीच नाही वाटत ना? पण चिखलातल्या वरंब्यावर वीस मिमी म्हणजे दीड बोट, आणि गाडी निघते की अडकते ते त्या दीड बोटावरच ठरतं.

शहरातल्या एका टायरवाल्याने मला २८५/६५ घ्यायचा आग्रह धरला होता, गाडी दणकट दिसेल म्हणे आणि काहीच घासणार नाही, गॅरंटी. गाडीखाली वाकून न बघता, टेप न लावता! मी तिथून उठलो. २८५/६५ ची उंची जवळपास तेवढीच येते, फक्त रुंदी वीस मिमी जास्त, म्हणजे आत घासायला जास्त जागा आणि पदरात काहीच जास्त नाही. शिवाय त्याला निदान ८ इंच रुंद रिम लागते, माझी मूळची रिम तेवढी नाही. आणि आपल्याकडच्या पातळ चिखलात, जिथे खाली मुरूम लागतो, तिथे जरा अरुंद टायर चिखल कापून खालची घट्ट जमीन पकडतो असा माझा अनुभव आहे. म्हणून २६५/७० ऑल टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांना चालणारे, आणि तेही पाच. पाचवा स्टेपनीला, इथे काटकसर चालत नाही, कारण फोर बाय फोरमध्ये टाकली की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना बांधले जातात, एक चाक लहान असेल तर ते सगळं ट्रान्सफर केसच्या, म्हणजे दोन्ही एक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, मुळावर येतं.

बसवल्यावर सरळ रस्त्यावर काही घासलं नाही, पण ती खरी परीक्षाच नाही. मी आईच्या डब्यातली पांढरी रांगोळी पाण्यात घट्ट कालवली आणि ब्रशने पुढच्या टायरच्या खांद्यावर लावली. मग मामांच्या खळ्यात एक पुढचं चाक दगडांवर चढवून गाडी तिरकी केली, स्टेअरिंग डावीकडे शेवटपर्यंत, मग उजवीकडे शेवटपर्यंत, रिव्हर्समध्येसुद्धा. उतरून टॉर्च मारला तर चाकावरच्या कमानीतल्या प्लॅस्टिकच्या लाइनरच्या मागच्या बाजूला, दारापुढच्या कोपऱ्यात, हाताच्या पंजाएवढा पांढरा डाग. सपाट जमिनीवर तिथे दोन बोटं जागा होती! त्या जागी हीट गनने लाइनर मऊ करून मागे दाबला, एक प्लॅस्टिकची कड कापली, परत रांगोळी लावली, परत चढवली. तिसऱ्या वेळी डाग आला नाही. अख्खी दुपार गेली, पण पत्रा किंवा पाइप घासतोय हे घाटात कळण्यापेक्षा खळ्यात कळलेलं कधीही बरं.

आता मोठ्या टायरने काय काय बदललं ते सांगतो कारण हे कोणी आधी सांगत नाही. भाताची पोती मोजायच्या काट्यावर जुनं चाक आणि नवं चाक ठेवून बघितलं, एका चाकामागे साडेपाच किलो जास्त. ते वजन फिरणारं आहे त्यामुळे उचल जरा सुस्त झाली आणि ब्रेक आधीपेक्षा लवकर दाबावा लागतो, कसारा घाटात भर पावसात उतरताना पुढच्या ट्रकपासून मी आता बरंच जास्त अंतर ठेवतो. स्पीडोमीटर पाच टक्के मागे पडला, काटा ६० वर असतो तेव्हा गाडी ६३ ने चाललेली असते, आग्रा रोडला जीपीएस लावून पडताळून बघितलंय. ओडोमीटरचंही तेच, १०,००० दिसतात तेव्हा १०,५०० झालेले असतात, म्हणून ऑइल मी आधीच बदलतो. मागच्या दारावरची स्टेपनी जड झाल्याने बिजागरी कुरकुरायला लागली, तिथला रबराचा टेकू पुढे सरकवून घेतला. हेडलाइटचा झोत लिफ्टनंतर वर गेला होता तो भिंतीसमोर गाडी लावून खाली आणला, समोरच्याचे डोळे दिपवायचा आपल्याला काही हक्क नाही. आणि अलाइनमेंट तर करायचीच. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट पण दर महिन्याला बघतो, लिफ्टमुळे ते जास्त वाकलेले राहतात, फाटले की ग्रीस बाहेर आणि चिखल आत.

कायद्याचंही स्पष्ट बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हे माहीत असूनच मी हे केलंय. विमा कंपनीला लेखी कळवलंय, मूळचे पाचही टायर माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेत. तुम्ही करणार असाल तर हे आधी वाचा, टायरवाल्याकडे नंतर जा.

हवेचं मला सगळ्यात उशिरा समजलं. दारावरच्या स्टिकरवरचा आकडा जुन्या टायरसाठी आहे. मी खडूने टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या गोट्यांवर आडवी जाड रेघ मारली आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर अर्धा किलोमीटर सरळ गेलो. मधला खडू पुसला आणि कडेचा तसाच राहिला म्हणजे हवा जास्त, उलटं झालं तर कमी. दोन-दोन पीएसआय बदलत चार वेळा केलं तेव्हा रेघ सगळीकडून सारखी पुसली गेली, तो आकडा डॅशबोर्डच्या आत लिहून ठेवलाय. चिखलात उतरायच्या आधी १८ पर्यंत खाली आणतो, बाहेर आलं की डांबरीला लागायच्या आधी छोट्या कंप्रेसरने परत भरतो, त्याला वेळ लागतो पण मी तिथे घाई करत नाही.

ही गाडी बनते आपल्याच नाशिकच्या कारखान्यात, आणि सह्याद्रीच्या पावसात तिला नीट चालवायचं असेल तर तिच्याकडे लक्ष द्यायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

गेल्या रविवारी परत त्याच वाटेने गेलो. पाऊस रात्रभर पडलेला, चाकोऱ्यांत पाणी उभं. लो रेंज म्हणजे फोर बाय फोरचा सावकाश पण जोरकस गिअर, त्यात दुसरा, एकसारखा पाय, मामा पुढे चालत हाताने दाखवतायत. जिथे मागच्या वर्षी अडकलो होतो तिथे खालून गवताचा सर्रर्र आवाज आला आणि गाडी पुढे निघून गेली. खळ्यात पोचल्यावर मामाच आधी खाली वाकले, गोळ्याच्या तळाला बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटाला गवताचा हिरवा रंग होता, माती नव्हती.