ताप पोरांना, काळजी आजीची

पावसाळा सुरू झाला की आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड ठरलेला असतो. फ्लूची साथ आहे, ज्येष्ठांनी गर्दीत जाऊ नये, ज्येष्ठांना जपा वगैरे. त्यात चूक काहीच नाही म्हणा, पण तो वाचला की मला हटकून २००९ चं पुणं आठवतं, कारण त्या वर्षी सगळं उलटंच झालेलं.

३ ऑगस्ट २००९ ला देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. त्यानंतर शहराची जी तंतरली ती ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको. नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, शाळा बंद, थिएटरं बंद, मेडिकलवाल्यांकडे मास्क संपलेले, आणि लोक रुमालात कापूर-वेलची बांधून हुंगत फिरतायत. स्कूटीवरच्या मुलींचं बरं होतं, त्यांचा स्कार्फ आधीपासूनच तोंडावर. आमची आजी तेव्हा ऐंशीच्या घरातली, ती निवांत मंडईत जायची आणि बाबांनी आवाज चढवला की म्हणायची "मला मेलीला काय होतंय". बाबा चिडायचे. पण गंमत म्हणजे शास्त्र बऱ्यापैकी आजीच्या बाजूने होतं!

त्याच वर्षी अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) जुने रक्तनमुने तपासले तर साठीच्या पुढच्या साधारण एक तृतीयांश लोकांमध्ये ह्या नव्या व्हायरसला ओळखणाऱ्या अँटीबॉडीज आधीच होत्या, लहान मुलांमध्ये जवळपास शून्य. कारण असं की १९१८ च्या फ्लूच्या साथीचा जो एच१एन१ होता (फ्लूच्या व्हायरसचा एक प्रकार, स्वाइन फ्लूही त्यातलाच) त्याचेच वंशज १९५७ पर्यंत माणसांत फिरत होते, मग एशियन फ्लू नावाच्या दुसऱ्या प्रकाराने त्यांना हुसकावलं, आणि तिकडे डुकरांमध्ये मात्र त्याच खानदानाची एक शाखा फारशी न बदलता टिकून राहिली. २००९ मध्ये ती माणसांत आली तेव्हा जितका माणूस म्हातारा तितकी जुनी ओळख निघण्याची शक्यता जास्त. ह्याचं अजून स्वच्छ उदाहरण १९७७ चं आहे. १९५७ ला गायब झालेला एच१एन१ अचानक परत आला आणि मुख्यतः पंचविशीच्या आतलेच आजारी पडले, त्याहून मोठ्यांनी तो आधीच भोगून ठेवलेला. म्हणजे पॅनडेमिक फ्लूमध्ये तुमचं वय किती ह्यापेक्षा तुम्ही कोणत्या साली जन्मलात हा प्रश्न कधीकधी जास्त कामाचा असतो.

हे झालं लागण होण्याचं. पसरवण्याचं अजून वेगळं आहे आणि तिथे पोरांचा हात कोणी धरू शकत नाही. आमच्या गल्लीत सकाळी शाळेची रिक्षा येते ती कधीतरी नीट बघा. मागच्या सीटवर चौघं, समोर आडव्या फळीवर तिघं, एक रिक्षाकाकांच्या शेजारी अर्धा बाहेर, दप्तरं एकमेकांच्या मांडीवर, एकाची वॉटरबॅग दुसऱ्याच्या तोंडात, आणि कोण शिंकलं तर हात बाहेर काढायलाच जागा नाही म्हणून ते थेट समोरच्याच्या तोंडावर. मग सहा-सात तास वर्ग, मग ग्राउंड, मग क्लास. आपण ऑफिसात दिवसभरात असे किती जणांच्या अंगाला अंग लावून बसतो? युरोपात आठ देशांमधल्या सात हजारांवर लोकांना दिवसभरात कोणाकोणाला भेटलात ते डायरीत लिहायला लावलेलं, २००८ मध्ये ते छापून आलं, त्यातही हेच दिसलं की शाळकरी वयाची मुलं सगळ्यात जास्त भेटीगाठीवाली आणि त्या भेटी बहुतेक आपल्याच वयाच्या पोरांशी. वर अंगात प्रतिकारशक्ती नाही, नाकातून व्हायरस मोठ्या माणसांपेक्षा जास्त दिवस बाहेर पडतो. २००९ मध्ये अमेरिकेतल्या घराघरांतून माहिती काढली तर घरात एक पेशंट असताना अठरा वर्षांपर्यंतच्यांना लागण होण्याची शक्यता एकोणीस ते पन्नास वयवाल्यांच्या दुप्पट निघाली.

म्हणून शाळा बंद केल्या की आकडे लगेच हलतात. इंग्लंडमध्ये त्या वर्षी जुलैअखेर उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि केसेस घसरल्या, सप्टेंबरात शाळा उघडल्या की परत चढल्या. आपल्याकडे पाचगणीच्या निवासी शाळेत साथ आलेली आणि एनआयव्हीची (पुण्यातली राष्ट्रीय विषाणू संस्था) टीम तिथे जाऊन तपासणी करून आली. निवासी शाळा म्हणजे तीच रिक्षा, पण चोवीस तास.

आता इथे गल्लत होते बघा. लागण कोणाला जास्त, पसरवतो कोण आणि दगावतो कोण, ह्या तीन प्रश्नांची उत्तरं तीन वेगवेगळ्या वयांची असू शकतात. २००९ मध्ये जगभरातले साधारण ८० टक्के मृत्यू ६५ च्या आतल्यांचे होते असा अंदाज आहे, नेहमीच्या फ्लूमध्ये हे बरोब्बर उलटं असतं. पण म्हाताऱ्यांना लागण कमी झाली म्हणून ते वाचले, ज्यांना झाली त्यांच्यासाठी आजार मुलांपेक्षा जास्तच वाईट होता. आजीचं "मला काय होतंय" तेवढ्यापुरतंच खरं.

१९१८ ला तर ह्या सगळ्याची पार वाट लागली. मुंबईत १० जूनला तापाने आधी दाखल झाले ते पोलीस शिपाई, त्यातल्या एकाची ड्यूटी गोदीवर, म्हणजे धडधाकट माणसं. आपल्याकडे मानमोडीची साथ म्हणायचे ती हीच. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. आणि मरणारे कोण, तर वीस ते चाळीसमधले, कमावते, आणि आपल्या देशात त्यातही बायका जास्त, आजारी घरात उस्तवारी कोण करतं आणि उरलंसुरलं कोण जेवतं हे माहीत असेल तर ह्यात नवल नाही. १९११ ते २१ हे विसाव्या शतकात भारताची लोकसंख्या घटलेलं एकमेव दशक, त्यात ह्या साथीचा वाटा सगळ्यात मोठा. तरुणच का मेले ह्यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत.

साथ पसरवतात पोरं, हा हिशोब जपानने मात्र फार आधी ओळखला. १९६२ पासून त्यांनी म्हाताऱ्यांना नाही तर शाळकरी पोरांना फ्लूची लस द्यायला सुरुवात केली, १९७७ ते १९८७ ती सक्तीचीही होती. नंतर सक्ती गेली, १९९४ मध्ये तो कार्यक्रमच गुंडाळला. मग २००१ मध्ये अभ्यास आला की पोरांना लस चालू होती त्या काळात दरवर्षी ३७,००० ते ४९,००० मृत्यू टळत होते आणि त्यातले बहुतेक ज्येष्ठांचे, साधारण दर ४२० मुलांच्या लसीमागे एक जीव. ह्या आकड्यांवर नंतर टीकाही झाली, पण दिशा मला पटते. ह्या वर्षी ग्रुपवर तो फॉरवर्ड आला तेव्हा मी खाली एवढंच टाकलं की ज्येष्ठांनी स्वतःची लस घ्याच, पण नातवंडांची घेतली का? त्यावर काकांचा अंगठा आला आणि वहिनीने विचारलं, कितीला पडते रे.