आधी कान

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात चेन्नईहून एका गृहस्थांचा फोन आला. मालवणजवळ आमचे तीन खोल्यांचे न्याहारी-निवास आहे. मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या पाहुण्यांशी माझे कधी अडले नव्हते. हे गृहस्थ मात्र फक्त इंग्रजीतून बोलत होते. त्यांनी तारीख सांगितली, मी ‘ओके, ओके’ म्हणत वहीत ३० हा आकडा लिहिला आणि फोन ठेवला. १३ तारखेला रात्री नऊ वाजता ते आपली दोन मुले आणि वृद्ध आई यांच्यासह आमच्या अंगणात येऊन उभे राहिले, तेव्हा तिन्ही खोल्या भरलेल्या होत्या. शेजारच्या काकींनी आपली एक खोली रिकामी करून दिली म्हणून निभावले. परंतु ती खोली झाडून होईपर्यंत त्या आजी आमच्या पायरीवर बॅगेला टेकून बसून राहिल्या होत्या, आणि ते दृश्य मी अजून विसरलेले नाही. ‘थर्टीन्थ’ आणि ‘थर्टिएथ’ यांतला फरक माझ्या कानांनी टिपला नव्हता.

जूनमध्ये पाऊस लागला, किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद झाल्या आणि पाहुणे ओसरले, तेव्हा सामुदायिक महाविद्यालयाच्या संध्याकाळच्या इंग्रजी संभाषण वर्गात मी नाव घातले. नोकरी-व्यवसाय सांभाळणाऱ्या प्रौढांना आपल्या गावाजवळ, परवडेल अशा शुल्कात, कामाला उपयोगी पडेल असे शिकता यावे ही या महाविद्यालयांमागची कल्पना अमेरिकेतून आली आहे. तिथे इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली असे पहिले सार्वजनिक महाविद्यालय निघाले आणि आज तिथल्या अशा अनेक महाविद्यालयांत स्थलांतरित प्रौढांसाठी इंग्रजीचे वर्ग चालतात. आमच्या वर्गात कोणी स्थलांतरित नव्हते, तरी प्रत्येकाची अडचण रोजच्या कामातलीच होती. आंब्याच्या पेट्या परराज्यांत पाठवणारे एक बागायतदार होते, डायव्हिंगसाठी पर्यटकांना समुद्रात नेणारे दोन तरुण होते, एका रुग्णालयातील परिचारिका होत्या, आणि मालवाहू बोटीवर नोकरी करणारा, साइन ऑफ होऊन, म्हणजे बोटीवरची मुदत संपवून, काही महिन्यांसाठी घरी आलेला देवगडकडचा एक भाऊ होता. आम्ही बहुतेक सगळे मराठी शाळेत शिकलेले. राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले. आमच्या पिढीला ते पाचवीपासून होते, आणि तेही वाचायला, लिहायला आणि व्याकरण सोडवायला. इंग्रजी ऐकण्याची परीक्षा आमची कधी कोणी घेतलीच नाही.

ती पहिल्या दिवशी मॅडमनी घेतली. त्यांनी एक वाक्य ध्वनिमुद्रणातून तीन वेळा ऐकवले आणि जसे ऐकू येईल तसे लिहायला सांगितले. कोणालाही ते पूर्ण लिहिता आले नाही. मग त्यांनी तेच वाक्य फळ्यावर लिहिले: ‘कॅन यू गेट अस अ कपल ऑफ टॉवेल्स?’ त्यात एकही शब्द आम्हांला नवा नव्हता. बोलणाऱ्याने ‘गेट अस अ’ हे तीन शब्द एकमेकांत मिसळले होते, ‘ऑफ’चा नुसता ‘व’ उरला होता, आणि आमचे कान पाठ्यपुस्तकात सुटे सुटे छापलेले शब्द शोधत बसले होते. बागायतदार म्हणाले, “वाचलंय तर माका सगळा समाजता, पण आयकल्यावर काय्येक कळणा नाय.” आमच्या सगळ्यांच्या मनातले ते बोलले होते.

पुढचे तीन आठवडे मॅडमनी व्याकरणाला हात लावला नाही, आणि माझ्या मते वर्गाचे सगळे यश या एका निर्णयात आहे. इंग्रजीत शब्दाच्या एका अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या एका तुकड्यावर, जोर पडतो आणि बाकीचे अवयव आक्रसतात. मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान त्याकडे लक्षच देत नाही. ‘थर्टीन’मध्ये जोर सहसा शेवटी असतो आणि ‘थर्टी’मध्ये सुरुवातीला, फोनवर शेवटचा ‘न’ विरून गेला तरी जोरावरून आकडा ओळखता येतो. ‘कॅन’चेही तसेच. ‘वी कॅन कम’ असे सहज बोलताना त्यातला स्वर जवळजवळ नाहीसा होतो. तो ठळक ऐकू आला, तर पाहुणे ‘येऊ शकत नाही’ असे सांगत असण्याचीच शक्यता अधिक, कारण ‘कॅन्ट’ या नकारातला शेवटचा ‘ट’ कित्येकदा ऐकूच येत नाही. हे कळले त्या संध्याकाळी, मागे कितीजणांचा नकार मी होकार समजून बसले असेन, याचा विचार करतच मी घरी आले.

अक्षरे गिळण्याचा इंग्रजांना दोष देण्याआधी आपण आपल्या बोलण्याकडेही पाहावे, असे मला तेव्हापासून वाटते. आपण ‘मालवण’ लिहितो आणि ‘माल्वण’ म्हणतो, ‘करतो’ लिहितो आणि ‘कर्तो’ म्हणतो. ‘चहा’ आणि ‘चांगला’ यांतले दोन वेगळे च, ‘जेवण’ आणि ‘जावई’ यांतले दोन वेगळे ज लिपीत एकच असूनही आपण न चुकता उच्चारतो. म्हणजे लिहिलेले आणि बोललेले वेगळे असू शकते हे आपल्या कानाला जन्मापासून ठाऊक आहे. इंग्रजीसाठी त्याला हे कोणी सांगितले नव्हते, इतकेच.

सर्वांत मोलाची गोष्ट मला त्या बोटीवरच्या भावाकडून मिळाली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली जहाजांवरील बोलण्यासाठी प्रमाण इंग्रजी वाक्ये स्वीकारली आहेत, कारण एकाच जहाजावर अनेक देशांची माणसे असतात आणि ऐकण्यातली चूक जिवावर बेतू शकते. त्यानुसार १५० हा आकडा ‘वन-फाइव्ह-झीरो’ असा सुटा सुटा उच्चारतात, आणि नीट ऐकू आले नाही तर ‘से अगेन’ म्हणतात. “यात लाज कसली? कॅप्टनपण म्हणतो,” तो म्हणाला. मी मात्र न कळलेल्या वाक्याला ‘ओके’ म्हणण्यालाच इतकी वर्षे शिष्टाचार समजत आले होते. ज्याला इंग्रजी येत नाही तोच पुन्हा विचारतो, ही आपली समजूत निराधार आहे, आणि प्रौढ माणसाचे शिकणे व्याकरणापेक्षा तिच्यामुळेच जास्त अडते असे मी अनुभवावरून म्हणते.

घरी मी रोज रात्री भांडी आवरल्यावर पंधरा-वीस सेकंदांचे एकच ध्वनिमुद्रण घेत असे: आधी न वाचता तीन वेळा ऐकायचे, मग लिहायचे, मग मूळ मजकुराशी ताडून पाहायचे आणि शेवटी त्या आवाजाबरोबर, त्याच वेगाने, मोठ्याने बोलायचे. बोलणे हळूहळू त्यातूनच आले. तीस दिवसांत अस्खलित इंग्रजीची हमी देणाऱ्या जाहिरातींवर मैत्रिणींनी पैसे खर्च करू नयेत असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. मला केवळ फोनवरची तारीख बिनचूक ऐकू येऊ लागायला अख्खा पावसाळा लागला. आता मी प्रत्येक तारीख ‘वन-थ्री, थर्टीन्थ?’ अशी उलट विचारून खात्री करून घेते, आणि समोरचे कोणीही आजवर त्याने नाराज झालेले नाही.

दोन माणसे आपापसांत बोलत असतील तर मात्र अजून माझा धागा सुटतो. गेल्या डिसेंबरात एक कुटुंब आले होते. वडील तमिळ, आई बंगाली, त्यामुळे घरातली भाषा इंग्रजीच. मी बांगड्याचे तिखले वाढून आत वळले, तोच मागे आई वडिलांना हलक्या आवाजात काहीतरी म्हणाली, आणि त्यातले ‘टू स्पायसी फॉर हर’ एवढे मला स्पष्ट ऐकू आले. कोणी काही मागण्याआधी मी त्यांच्या लहान मुलीपुढे सोलकढीची वाटी ठेवली.